पोट बांधणारीचं पोट

आमच्या ताडकळसात कुणाकडं बाळंतिणीचं पोट बांधायचं असलं की मला बोलावणं यायचं. बांधायचं म्हणजे काय, हे ज्या पोरींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाळंतपण झालं की पोट रिकाम्या पिशवीसारखं सैल पडतं. मग जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घ्यायचं, त्याची वीतभर रुंद घडी करायची आणि बेंबीच्या खालून वर, अशी घट्ट गुंडाळत न्यायची. शेवटची गाठ अंगाच्या एका बाजूला मारायची, म्हणजे निजताना टोचत नाही. माझी गाठ रात्रभर सुटत नाही, असं गावात बोललं जायचं. बाळंतीण कण्हत म्हणायची, मावशी, जरा सैल करा. मी काही सैल करत नसे. उलट सांगायची, आज कळ सोस, उद्या तुझी कंबर मला दुवा देईल.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते या बांधण्यातूनच झालं.

माझं स्वतःचं पोट तर कायमच बांधलेलं. पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातून एक पट्टा दिला होता, ओढला की चरचर आवाज करत उघडणारा. काही आठवडे लावा म्हणाले होते. मला तो लय आवडला. लावला की कसं कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटायचं. तो फाटला तेव्हा मी विचार केला, आपण गावाची पोटं बांधतो, आपल्याला विकतचा पट्टा कशाला पाहिजे? मग माझंच एक लुगडं फाडलं आणि गुंडाळलं. वरून साडी नेसली की कुणाला पत्ता नाही. आंघोळीपुरतं सुटायचं, पुन्हा बसायचं. किती वर्षं गेली त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

मालक गेल्यापासून मी एकटीच राहते. दोन खोल्या, पुढं ओसरी, परसात वांग्याची आन् कढीपत्त्याची झाडं. शेत बटईनं दिलंय. लेक परभणीला नोकरीला. तो आणि सून दोघंही मायेचे आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. नाहीतर म्हातारीनं लिहिलं म्हटलं की लोक सुनेच्या चुका शोधायला बसतात.

तर त्या उन्हाळ्यात एक दिवस काय झालं, चुलीपुढं भाकरी करून झाल्या. तवा उतरवला, काटवट बाजूला सारली आणि उठायला गेले, तर उठताच येईना. वरचं अंग म्हणतंय चल, खालचं म्हणतंय बस. कंबरेतून अशी कळ आली की डोळ्यापुढं काजवे. पुन्हा जोर केला, पुन्हा तेच. मग बसून राहिले. भाकरी गार झाल्या, चूल विझली, मांजर येऊन दूध चाटून गेलं आणि मी आपली त्याला हाड् हाड् म्हणायलेय, बसल्या जागेवरून. शेवटी शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा तिनं काखेत हात घालून मला उठवलं.

शेजारीण मनाची चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या आत लेकाला फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो हजर.

आल्या आल्या त्यानं घर असं पाहिलं, जसं पंचनाम्याला आलाय. चूल पाहिली, पाट पाहिला, न्हाणीतला ओला दगड पाहिला. मग म्हणाला, आता बास झालं. तिकडं सगळं उभ्यानं आहे, ओट्यावर गॅस आहे, खुर्चीसारखा संडास आहे, निजायला पलंग आहे. खाली बसायचं कामच नाही. मी विचारलं, मग दिवसभर मी करू काय? तो म्हणाला, आराम.

त्यांच्याकडचा आराम मला माहीत आहे. आठ दिवस राहायला जाते तेव्हा तिसऱ्या दिवसापासून मी गॅलरीत बसून समोरच्यांच्या दोरीवरचे कपडे ओळखायला लागते. हा मोठ्या पोराचा शर्ट, हा धाकट्याचा. इथं मला दिवसातून चार बाया काहीतरी विचारायला येतात. कुणाचं पोर दूध पीत नाही, कुणाचं लोणचं बिघडलं, कुणाच्या घरी पाहुणे येणार आहेत. तिथं मी फक्त कुणाची तरी आई. आई असणं चांगलंच आहे, पण सकाळी उठून रोज नुसती आईच असायचं म्हणजे जीव बेजार होतो.

मी नाही म्हटलं. तो हो म्हणेना. बराच वेळ आमची ताणाताणी चालली. शेवटी तो भिंतीला टेकून बसला आणि शांतपणानं बोलला. त्याचा तो शांतपणा मला भांडणापेक्षा जास्त लागला.

"आई, तू अशी बसून राह्यलीस आणि कुणी विरजण मागायला आलंच न्हाई, तर? मला तिकडं झोप लागल का?"

मग त्यानंच ठरवलं. दिवाळीला येतो. तोवर भुईवरून कुणाचा हात न धरता, भिंतीला न टेकता उठून दाखव. जमलं तर राहा इथंच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर गाडी घेऊनच येतो, सामान बांधायचं.

मी म्हटलं, ठरलं.

मग त्याच्याबरोबरच परभणीला दवाखान्यात गेले. जायच्या आधी मी पोटाचं लुगडं सोडून ठेवलं. आता तुम्हीच सांगा, मोठ्या दवाखान्यात, तिथं सगळे शिकलेले, आणि आपल्या पोटाला जुनेराची चिंधी, बरं दिसतं का? लोखंडी पेटीवर घडी घालून ठेवली आणि पातळ नेसून गेले.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं वयाच्या मानानं ठीक आहेत म्हणाले, आणि मला वरच्या मजल्यावर व्यायामाच्या डॉक्टरीणबाईकडं पाठवलं. ती म्हणजे आपल्या नातीच्या वयाची पोरगी, लांब वेणी, पायात बूट. मला आजी म्हणाली. तिनं मला बाकड्यावर उताणं निजवलं, पोट दाबून पाहिलं, पाय उचलायला लावले. मग समजावून सांगितलं. आजी, कंबर दुखते, पण दोष कंबरेचा नाही. पोटाचे स्नायू आणि पाठीचे स्नायू मिळून अंगाचं ओझं धरतात. तुमच्या पोटानं काम सोडलंय, म्हणून पाठ एकटीच ओढतेय. पोटाला कामाला लावू.

मला वाटलं होतं, आता उठाबशा काढायला लावती का काय. तसलं काही नाही. उताणं निजायचं, गुडघे वर घ्यायचे, पाय भुईला टेकलेले. श्वास आत घ्यायचा, आणि सोडताना बेंबी हळूच पाठीकडं ओढायची. बस, एवढंच. मग तसंच धरून एक टाच हळू पुढं सरकवायची, पुन्हा मागं. मग तसंच धरून कंबर उचलायची, वर पूल केल्यासारखी, आणि दमादमानं खाली. श्वास कोंडायचा नाही, हे तिनं मला पुन्हा पुन्हा बजावलं. आणि कुठं कळ आली की थांबायचं. मी मनात म्हटलं, एवढ्याशा कामाला शाळा लागती व्हय.

घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत सतरंजी टाकली. आणि सुरू करायच्या आधी काय केलं? पेटीवरचं लुगडं घेतलं आणि रोजच्यापेक्षा घट्ट बांधलं. माझ्या हिशेबानं ते बरोबरच होतं. खळ्यावर काम करायचं असलं तर बाई आधी पदर खोचती, कंबर आवळती, मगच पाटीला हात घालती. पैलवान लंगोट कसल्याशिवाय आखाड्यात उतरत नाही. व्यायाम म्हणजे जोराचं काम, तर मग बांधल्याशिवाय कसा करायचा? चांगला आवळून आवळून व्यायाम केला. रोज केला, खाडा म्हणून नाही. बेंबी आत घेतली की लुगडं वरून दाबायचं, मला वाटायचं, वा, काय पोट ओढलं जायलंय.

शेजारीण भिंतीवरून डोकवायची. एकदा म्हणाली, "मावशी, या वयात पोट सपाट करून कुठं मिरवायला जायचंय?"

मी निजल्या निजल्याच सांगितलं, "कुठंच जायचं न्हाई, म्हणूनच करायलेय."

तिला कळलं. मग मी निजलेली असले की कोंबड्या हाकलायचं काम तिनं आपणहून घेतलं.

पण गुण काही येईना. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, कंबर तशीच. बसले की उठताना खुंटी शोधायची. नागपंचमीला बाया पोरी फेर धरून नाचायल्या आणि मी देवळाच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेय, टाळ्या वाजवत. एरवी मी अशा वेळी सगळ्यांच्या मधी असते. त्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की लेकाच्या घरी कोणत्या खोलीत निजायचं ते आता विचारून घ्यावं. असा विचार आलेला मलाच आवडला नाही. मला राग आला, आणि राग यायला माणूस पाहिजे, म्हणून तो त्या डॉक्टरीणबाईवर आला.

पुढं एक-दोन दिवसांनी शेजारणीबरोबर आठवडी बाजारात गेले होते, मिरच्या घ्यायला. तिथंच परभणीची गाडी लागलेली दिसली. घरी जायला, साडी बदलायला फुरसत कुणाला? मिरच्या शेजारणीच्या हातात दिल्या आणि तशीच चढले. दवाखान्यात गेले आणि त्या पोरीला सांगितलं, बाई, तुझा व्यायाम काही कामाचा नाही.

ती काही रागावली नाही. म्हणाली, करून दाखवा. मी निजले, गुडघे वर घेतले, श्वास सोडला आणि बेंबी ओढली, अगदी ठसक्यात. तिनं पोटावर हात ठेवला. मग दुसरीकडं ठेवला. मग बोटानं टकटक केलं, जसं कलिंगड पाहतात.

"आजी, इथं काय आहे?"

मला एकदम आठवलं. आता लपवायचं कसं? मी उठून उभी राहिले आणि तिनं टोक धरलं. मी गोल फिरायलेय आणि ती ओढायलीय. एक फेर, दुसरा फेर. पदर सांभाळत मी फिरत राहिले आणि तिथल्या स्टुलावर लुगड्याचा हा एवढा ढीग झाला. तिनं विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, कायमच. व्यायामाच्या वेळीसुद्धा? मी म्हटलं, व्यायामाच्या वेळी तर जास्तच.

तिनं तो ढीग दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"आजी, इतके दिवस व्यायाम या लुगड्यानं केला. पोट आतमध्ये झोपलेलंच होतं."

"आगं पण पैलवान लंगोट लावल्याशिवाय आखाड्यात उतरतो का?"

तिनं विचार केला. खरंच केला, मी पाहिलं. मग म्हणाली, "लंगोट पोटाला नसतो ना, आजी," आणि दोघी हसलो. मग मी तिला सांगितलं, की बाई, मी अर्ध्या गावाची पोटं बांधलीत, मला हे कळत नाही असं कसं म्हणतेस? तर तिनं मला बसवून सगळं विचारलं. कसं बांधता, किती दिवस बांधता, कुठून सुरू करता. म्हणाली, बाळंतपणानंतर सुरुवातीला आधार म्हणून बांधलं तर बरं वाटतं, पण फार आवळायचं नाही आणि फार दिवस ठेवायचं नाही. पोट शिवलेलं असेल तर दवाखान्यात विचारल्याशिवाय तर नाहीच. आधार कायम राहिला की पोटाला वाटतं, धरणारा कुणीतरी आहे, मग ते कशाला धरील?

हे मला पटलं. कारण अशी माणसं मी घराघरांत पाहिलीत.

परतीच्या गाडीत लुगडं पिशवीत आणि पोट उघडं. उघडं म्हणजे साडीच्या आतच, पण मला तर असं वाटायचं की आता सगळं खाली सांडतंय. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी पोट धरायची. शेजारच्या सीटवरच्या बाईनं मला खिडकीची जागा दिली आणि हळूच विचारलं, काकू, कुठं ऑपरेशन झालंय का? मी म्हटलं, नाही गं माय, ऑपरेशन उलटं झालंय. तिला काय कळलं देव जाणे.

मग खरं काम सुरू झालं. तसंच निजायचं, तोच श्वास, तीच बेंबी, पण आता वरून धरणारं कुणी नाही. पहिल्या दिवशी श्वास सोडला आणि पोट हाललंच नाही. अगदी काहीच झालं नाही. बोटं ठेवून पाहिली तर भिजवलेल्या पोह्यासारखं मऊ. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. पण रोज बोटं ठेवून श्वास सोडत गेले. कणीक मळताना पहिल्यांदा ती नुसती दबते, मग एक वेळ अशी येते की ती बोटाला उलटा दाब देते. तसं एका सकाळी बोटाखाली काहीतरी आत ओढलं गेलं. लहानसं. मी तशीच पडून राहिले आणि पुन्हा केलं. पुन्हा झालं. शेजारणीला हाक मारली, तिला म्हटलं, इथं हात ठेव. तिनं ठेवला आणि म्हणाली, "अय्या, लाथ मारायलंय का काय?"

मग मी ते सतरंजीवरच ठेवलं नाही. हापशावर दांडा खाली दाबताना श्वास सोडायचा. कळशी उचलताना गुडघे वाकवायचे आणि श्वास सोडायचा. भाकरी थापताना पाठ सरळ, बेंबी आत. आधी माझी सवय कशी होती, तर ओझं उचलायचं म्हटलं की श्वास कोंडायचा, दात दाबायचे, तोंड लाल करायचं. आमच्या पिढीच्या सगळ्या बायांची तीच सवय. आता हापशावर मी फूस फूस करायची तर पोरी हसायच्या.

श्रावण सरता सरता शेजारणीची लेक बाळंत होऊन माहेरी आली. बाळंतपण सरळ झालं होतं. मला बोलावणं आलं. मी गेले, लुगडं घेतलं, गुंडाळलं, पण हाताची दोन बोटं आत जातील इतकं सैल. त्या पोरीला सांगितलं, हे थोडे दिवस, आणि तेही दवाखान्यातली बाई हो म्हणाली तर. मग तिला श्वास सोडून बेंबी हलकेच ओढायला शिकवलं. शेजारीण बाजेपाशी उभी राहून पाहत होती. तिला काही ते रुचलं नाही.

"मावशी, तुमच्या हातात आता पहिल्यासारखा जोर राह्यला न्हाई."

मी म्हटलं, जोर आहे, जागा बदललीय. पोरगी मात्र म्हणाली की आई, मला जेवण गेलं आज नीट, मागच्या खेपेला घासही उतरत नव्हता. मागच्या खेपेला मीच बांधलं होतं. मी पोराला मांडीवर घेतलं.

भुईवरून उठायचं मात्र लवकर जमलं नाही. डॉक्टरीणबाईनं रीत दाखवली होती. बसल्या जागेवरून सरळ वर उसळायचं नाही. आधी एका कुशीकडं वळायचं, हात भुईला टेकवायचा, गुडघ्यावर यायचं, मग एक पाय पुढं रोवायचा, श्वास सोडायचा आणि उभं राहायचं. मी खुंटीच्या जवळ बसून शिकले, मग खुंटीपासून दूर सरकत गेले. दसऱ्याच्या आधी घर सारवताना, झाडताना जरा जास्त झालं आणि कंबर पुन्हा धरली. दोन दिवस निजून होते आणि लेकाच्या गाडीचा आवाज कानात येत होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी टाकली, पण पहिल्यापासून, नुसत्या श्वासापासून. मग पुन्हा गाडी रुळावर आली आणि दिवाळीच्या तोंडाशी मी घराच्या मधोमध बसून, जिथं हाताला काहीच लागत नाही अशा जागी, उठायला लागले.

दिवाळीला ते दोघं आले. दाराशी छोटा टेंपो थांबला तेव्हा मी समजले, लेकानं शब्द पाळला. सून येऊन पाया पडली आणि कानाशी म्हणाली, मी यांना म्हटलं होतं, टेंपो नका आणू, आईंना वाईट वाटेल. मी म्हटलं, वाईट कशाचं, बोलणं झालं होतं तसंच केलंय त्यानं.

जेवणं झाली. ओसरीत तिघंच होतो, आणि भिंतीपलीकडं शेजारीण, जिला वाटत होतं की ती दिसत नाहीय. लेकाला विषय काढायला जड जात होतं. मग मीच ओसरीच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसले आणि म्हटलं, पाहा.

कुशीला वळले. हात टेकवला. गुडघ्यावर आले, पाय रोवला. श्वास सोडला. बेंबी आपसूक आत गेली, मला सांगावंही लागलं नाही. उभी राहिले. पदर नीट केला.

लेक म्हणाला, "हात लावलास की भुईला."

"तू म्हणला व्हतास कुणाचा हात धरायचा न्हाई, भिंतीला टेकायचं न्हाई. भुईचं काई बोलला न्हाईस. आन् भुई माझ्या घरची हाय, तिचा आधार मला चालतो."

मी म्हटलं, खोटं वाटत असेल तर पुन्हा दाखवते, आणि पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसायला लागले तसा तो म्हणाला, बास आई, बास. आणि तो स्वतः उठला, दाराची चौकट धरून, कण्हत. दिवसभर खुर्चीत बसून त्याचंही पोट पुढं आलंय. सुनेनं तोंडाला पदर लावला. मी तिच्याकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघींना आवरलं नसतं.

मग तो परसात गेला. बराच वेळ तिकडंच होता. मी गेले नाही, त्याचं त्याला ठरवू दिलं. आला तेव्हा त्यानं मला एवढंच सांगितलं की रोज सकाळी फोन करायचा, आणि न्हाणीतला तो ओला दगड काढून खरबरीत फरशी बसवायची, गवंडी तो आजच ठरवून जाईल. मी दोन्हीला हो म्हटलं. दगडाचं त्याचं बरोबरच होतं.

राहता राहिला टेंपो. भाडं तर ठरलेलं, रिकामा कशाला पाठवायचा? बटईदाराकडून आलेली ज्वारी होती, त्यातलं एक पोतं त्या दोघांनी मिळून चढवलं. उडीद दिले, कढीपत्त्याच्या फांद्या दिल्या. परसात एक लाल भोपळा होता, चांगला तोलदार. लेक मागं वळला तोवर मी गुडघे वाकवले, भोपळा पोटाशी धरला, श्वास सोडला आणि उचलला. तो धावत आला, हात पुढं केले.

"आई, ठेव."

"टेंपोतच ठेवते," मी म्हटलं.

त्यानं हात मागं घेतले आणि टेंपोचा मागचा फळका खाली पाडून दिला.